नकाशाच्या जागी सगळीकडे ‘अ‍ॅक्सेस ब्लॉक्ड’ (लीफलेट + ओएसएम) – मदत हवी

टाकेशोधक
मंडळी, जुन्नर तालुक्यातल्या गडांवरची पाण्याची टाकी साफ करणारा आमचा एक छोटा गट आहे. गटाच्या साइटवर एक नकाशा आहे, लीफलेट (पानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) वापरून ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे ओएसएम या खुल्या नकाशावर केलेला. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन अशा गडांवरच्या टाक्यांच्या खुणा, खुणेवर टिचकी मारली की फोटो, गाळ कधी काढला, पाणी पिण्याजोगं आहे का वगैरे. उन्हाळ्यात ट्रेकला जाणारे तो बघूनच किती पाणी पाठीवर घ्यायचं ते ठरवतात. त्यामुळे नकाशा बंद पडला की फोन सुरू होतात.

तर झालंय असं, की साइट नव्या होस्टिंगवर हलवल्यापासून खुणा जागच्या जागी दिसतात, माहितीही उघडते, पण मागचा नकाशा गायब. त्याऐवजी फरशी बसवावी तसं एकच चित्र ओळीने: ‘अ‍ॅक्सेस ब्लॉक्ड’, आणि खाली बारीक अक्षरात ‘रेफरर’ पाहिजे, टाइल वापरण्याचं धोरण असं काहीतरी. क्रोम, फायरफॉक्स, मोबाइल, कुठेही बघा तेच. माझ्या लॅपटॉपवर साइटची जुनी प्रत आहे, ती चालवली की नकाशा ठणठणीत!

दुसरी भानगड ‘संपर्क’ पानावर. तिथे एका सदस्याने बैठकीच्या जागेचा गूगल नकाशा नुकताच टाकलाय. तो पहिल्यापासूनच दिसत नाही. राखाडी चौकोन आणि ‘गूगलने जोडणी नाकारली’ एवढंच.

साइट जँगोमध्ये (साइट बनवायची पायथनची चौकट) आहे. ज्याने बनवली तो मुलगा आता नोकरीत अडकलाय. मला पायथन वाचता येतं, लिहिताना धाप लागते. त्या बेताने सांगा.

खटपट्या
हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच पुडीत औषध मागू नका.

आधी पहिला. एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ उघडा, पान पुन्हा लोड करा आणि टाइलच्या (नकाशा ज्या चौकोनी चित्रांनी बनतो त्या) कुठल्याही एका ओळीवर टिचकी मारा. दोन गोष्टी इथे लिहा: स्टेटस कोड काय आलाय, आणि ‘रिक्वेस्ट हेडर्स’मध्ये (मागणीबरोबर जाणाऱ्या माहितीच्या ओळी) रेफरर नावाची, म्हणजे मागणी कुठल्या साइटवरून आली ते सांगणारी, ओळ आहे का.

हे विचारायचं कारण, ‘नकाशा दिसत नाही’ म्हणजे दहा वेगवेगळे रोग. ४०३ आला तर मागणी पोचलीय, पण समोरच्या सर्व्हरने ती नाकारलीय. ४०४ म्हणजे पत्ता चुकला, बहुतेक वेळा झेड-एक्स-वाय (टाइलचा झूम, आडवा आणि उभा क्रमांक) यांचा क्रम उलटसुलट. कोडच नाही आणि नुसतं ‘ब्लॉक्ड’ लिहिलंय, तर अडवणारा तुमच्या घरातलाच, म्हणजे जाहिरात अडवणारं एक्स्टेंशन, साइटची सीएसपी (पानाने कुठून काय मागवायचं याचे नियम), नाहीतर एचटीटीपीएस पानावर साध्या एचटीटीपीने मागवलेली गोष्ट. आणि सगळं २०० येऊनही पान पांढरंच असेल तर नकाशाच्या डिव्हला (पानावरच्या त्याच्या कप्प्याला) उंची दिली आहे का ते बघा. लीफलेट स्वतःहून उंची घेत नाही, शून्य पिक्सेल उंचीचा नकाशा अगदी व्यवस्थित लोड होतो, फक्त दिसत नाही.

माळशेजकर
एवढी डोकेफोड कशाला? गूगल लावा आणि विषय संपवा. फुकट आहे, सगळ्यांच्या सवयीचं आहे.

खटपट्या
माळशेजकर, संपर्क पानावर गूगलच आहे आणि तोही बंद आहे. हलके घ्या. :)

आणि ‘फुकट’ हे २०१८ च्या आधीचं झालं. त्या वर्षी १६ जुलैपासून गूगलने जावास्क्रिप्टच्या नकाशाला एपीआय की (गूगलकडून घ्यायची ओळखीची किल्ली) आणि बिलिंग खातं सक्तीचं केलं. बिलिंग नसेल तर नकाशा काळपट पडतो आणि त्यावर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ असे शिक्के उमटतात. कितीतरी लहान हॉटेलांच्या, शाळांच्या साइटवर ते शिक्के अजून तसेच आहेत. दरमहा २०० डॉलरची सूट मिळायची, ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. आता प्रत्येक सेवेची वेगळी मोफत मर्यादा असते. छोट्या साइटला सहसा पैसे पडणार नाहीत हे कबूल, पण कार्ड कोणाचं जोडायचं? वर्गणीवर चालणाऱ्या गटात या प्रश्नावर बैठक रात्री बारापर्यंत चालते.

माळशेजकर
हा मुद्दा मान्य. आमच्या सोसायटीच्या साइटला सेक्रेटरींचं कार्ड होतं. ते फ्लॅट विकून गेले आणि नकाशा त्यांच्याबरोबर गेला.

टाकेशोधक
खटपट्याभाऊ, बघितलं. टाइलसमोर ४०३ आहे. रिक्वेस्ट हेडर्समध्ये रेफरर नाही. लॅपटॉपवरच्या जुन्या प्रतीत मात्र आहे, त्यात लोकलहोस्टचा पत्ता दिसतो. नकाशाची फाइल दोन्हीकडे तीच आहे, अक्षराचाही फरक नाही. तपासून पाहिलं.

नकाशावेडा
मग निदान झालं. मी ओपनस्ट्रीटमॅपवर आमच्या भागातल्या पायवाटा भरत असतो, त्यामुळे या धोरणाबद्दल थोडं लिहितो.

ओएसएम २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालं. त्याचा डेटा कोणालाही वापरता येतो, श्रेय मात्र द्यावं लागतं. पण डेटा वेगळा आणि त्यापासून रंगवलेल्या टाइल वेगळ्या. टाइल म्हणजे २५६ बाय २५६ पिक्सेलची चित्रं. झूम ० ला अख्खी पृथ्वी एका टाइलमध्ये, आणि पुढच्या प्रत्येक पायरीला चौपट. झूम १६ ला हा आकडा ४ अब्ज २९ कोटींवर जातो. ओएसएमचे टाइल सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात. तिथून कोण किती उचलतंय हे कळावं म्हणून साइटने रेफरर पाठवायचा आणि अ‍ॅपने आपली ओळख सांगणारा यूजर-एजंट पाठवायचा, अशी अट आहे. अट जुनीच आहे. तुमची साइट ओळख न सांगता मागणी करतेय, म्हणून ते चित्र.

आता रेफरर गेला कुठे? जँगोची आवृत्ती बघा. ३.१ पासून (ऑगस्ट २०२०) जँगो प्रत्येक पानाबरोबर ‘रेफरर-पॉलिसी: सेम-ओरिजिन’ असा हेडर आपण होऊन पाठवतं. त्याचा अर्थ, माझ्याच साइटवरच्या गोष्टी मागताना पत्ता सांग, बाहेरच्यांना काही सांगू नकोस. सुरक्षेच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण ओएसएम ‘बाहेरचे’ ठरतात ना! माझी पैज, तुमच्या लॅपटॉपवर २.२ असणार आणि होस्टिंग बदलताना नवीन आवृत्ती चढली.

टाकेशोधक
दंडवत घ्या! लॅपटॉपवर २.२, सर्व्हरवर ४.२. आता करू काय? जुन्या आवृत्तीवर परत जाऊ?

नकाशावेडा
अजिबात नको. २.२ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं कधीच बंद झालंय. सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘सिक्युअर रेफरर पॉलिसी’ला ‘स्ट्रिक्ट-ओरिजिन-व्हेन-क्रॉस-ओरिजिन’ ही किंमत द्या (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत, शब्द अंडरस्कोअरने जोडून, मूल्य हायफनने). यात बाहेरच्यांना फक्त साइटचं नाव कळतं, पानाचा पूर्ण पत्ता नाही. सध्याचे ब्राउझर काहीच सांगितलं नाही तर हेच करतात, त्यामुळे खाजगीपणाच्या नावाने घाबरायचं कारण नाही.

अख्ख्या साइटचं धोरण बदलायचं नसेल तर लीफलेटच्या १.९ मालिकेत टाइलच्या थरालाच ‘रेफररपॉलिसी’ नावाचा पर्याय देता येतो. तो प्रत्येक टाइलच्या चित्राला लागतो आणि चित्रापुरता पानाच्या धोरणावर मात करतो. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं, कारण बदल नकाशाच्या फाइलमध्येच राहतो आणि पुढच्या माणसाला सापडतो.

फ्रांकफुर्टकर
थोडं अवांतर. इकडे युरोपात आमच्या मंडळाच्या साइटवर नकाशा न दिसण्याचं कारण भलतंच होतं. कुकीची संमती विचारणारं जे प्लगइन असतं, ते वापरणाऱ्याने ‘मान्य’ म्हणेपर्यंत बाहेरचा कुठलाच आयफ्रेम (दुसऱ्या साइटचं पान आपल्या पानात दाखवणारी चौकट) उघडू देत नाही. गणपतीच्या हॉलचा नकाशा शोधणारे लोक ‘नाही’ दाबायचे आणि मग आम्हालाच विचारायचे, हॉल कुठेय म्हणून. शेवटी नकाशाच्या जागी हॉलचं स्थिर चित्र, खाली लिहिलेला पत्ता आणि नकाशाचा साधा दुवा ठेवला. कोणाची तक्रार नाही.

रत्नांग्रीची काकू
मी पण शिरते मध्ये. आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे, पुतण्याने साइट करून दिलीय, त्यात हाच लीफलेट का काय तो आहे. ‘खोल्या’, ‘दर’, ‘कसे याल’ अशी तीन बटणं. ‘कसे याल’ दाबलं की नकाशा डाव्या कोपऱ्यात एवढासा येतो, बाकी सगळं करडं. फोन आडवा केला की एकदम नीट होतो! पुतण्या म्हणतो फोन आडवा करा असं लिहून ठेव. असं लिहितं का कोणी?

खटपट्या
काकू, पुतण्याला सांगा ‘इनव्हॅलिडेट-साइज’ हा शब्द शोध म्हणून. नकाशा तयार होतो तेव्हा ‘कसे याल’चा कप्पा झाकलेला असतो, त्याची रुंदी शून्य. लीफलेट तेवढ्याच जागेचं माप घेऊन बसतं. कप्पा उघडला तरी त्याला कोणी कळवत नाही. फोन आडवा केला की खिडकीचं माप बदलतं आणि ते पुन्हा मोजतं. कप्पा उघडल्यावर लगेच ते फंक्शन एकदा बोलवायचं, बस. एका ओळीचं काम आहे.

टाकेशोधक
सेटिंग्जमध्ये बदल केला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. काहीही फरक नाही. ४०३ तसाच. :(

खटपट्या
कॅशे रिकामा करून बघितलंत का? तेही केलं असेल तर सर्व्हरवर किंवा तुमच्या टर्मिनलवर ‘कर्ल’ला (पान मागवून बघायची आज्ञा) मोठा ‘आय’ लावून साइटचा पत्ता द्या, नुसते हेडर येतील. त्यात रेफरर-पॉलिसी किती वेळा आलीय ते मोजा. आणि सेटिंगमध्ये स्पेलिंग बघा. पॉलिसीच्या नावात मधला ‘आर’ दोनदा आहे, जो हेडर ब्राउझर पाठवतो त्यात एकदाच. चुकीचं लिहिलं तर जँगो तक्रार करत नाही, गप्प बसतं.

टाकेशोधक
स्पेलिंग बरोबर आहे. पण हेडर दोनदा आलाय! पहिला मी लिहिलेला, त्याखाली ‘नो-रेफरर’. हा कुठून आला?

खटपट्या
हा तुमच्या जँगोचा नव्हे, त्याच्या पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरचा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ‘सिक्युरिटी हेडर्स’ असं एखादं बटण चालू असेल बघा. कोणीतरी सगळं कडक करून ठेवलंय. ब्राउझरला हे हेडर एकाहून जास्त मिळाले तर त्याला समजणारं शेवटचं मूल्य तो धरतो, म्हणून तुमचं लिहिणं वाया जातंय.

टाकेशोधक
सापडलं! पॅनेलमध्ये ‘वाढीव सुरक्षा’ नावाचं बटण होतं, त्याखाली हेडरची यादी. त्यातला तेवढा एक काढला, बाकीचे ठेवले. नकाशा आला!! हडसरच्या वळणांसकट. नकाशावेडा म्हणाले तसं टाइलच्या थरालाही पर्याय देऊन ठेवला, म्हणजे उद्या परत कोणी बटण दाबलं तरी नकाशा जाणार नाही.

आता गूगलचं सांगा.

खटपट्या
त्या सदस्याने ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलून आयफ्रेममध्ये चिकटवलाय, बरोबर? नेहमीचं गूगल मॅप्सचं पान दुसऱ्याच्या चौकटीत उघडत नाही. ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स: सेम-ओरिजिन’ असा हेडर पाठवून ते ब्राउझरलाच नको म्हणतं, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणीही कोणाचंही पान आपल्या चौकटीत बसवून वर खोटी बटणं ठेवेल. गूगल मॅप्समध्ये ती जागा उघडा, ‘शेअर’, मग ‘नकाशा एम्बेड करा’, आणि तिथला तयार तुकडा जसाच्या तसा घ्या. त्याला कीही लागत नाही, कार्डही नाही. त्या तुकड्यात रेफरर-पॉलिसीसाठी एक शब्द आधीच लिहिलेला असतो, तो ‘फालतू’ म्हणून उडवू नका.

माळशेजकर
म्हणजे मी म्हणत होतो ते गूगल फुकट आहेच की!

खटपट्या
एका खुणेचा नकाशा फुकट, हो. गडागडावरच्या खुणा, टिचकी, फोटो असलं काही गूगलच्या जावास्क्रिप्टच्या नकाशावर हवं असेल तर की आणि बिलिंग खातं आलंच. जिंकलात, खूश व्हा.

कळसूबाईचा पोऱ्या
वर्डप्रेसवाल्यांसाठी एक भर. तुकडा बरोबर चिकटवला, सेव्ह केला आणि आयफ्रेम उडूनच गेला, असं झालं तर तुमची भूमिका बघा. ‘ऑथर’ला कच्चं एचटीएमएल टाकायची परवानगी नसते, वर्डप्रेस सेव्ह करताना ते गाळतं. ‘एडिटर’ किंवा अ‍ॅडमिनने टाकलं की राहतं. एकाच ठिकाणून अनेक साइट चालत असतील तर एडिटरलाही नाही, फक्त सुपर अ‍ॅडमिनला. आमच्या वाचनालयाच्या साइटवर यावरून दोघांमध्ये अबोला झाला होता, एक म्हणायचा मी टाकलं, दुसरा म्हणायचा तू टाकलंच नाहीस.

टाकेशोधक
दोन्ही नकाशे चालू. सगळ्यांचे आभार. पण आता एक गंमत. नवीन टाक्यांची यादी एका मुलाने एक्सेलमधून जिओजेसनमध्ये (नकाशावरच्या खुणांच्या फाइलचं एक स्वरूप) करून दिली, ती चढवली आणि शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी नकाशावर दिसेनात. खूप मागे झूम केलं तर खूण नॉर्वेच्या वर समुद्रात!

नकाशावेडा
बॅरेंट्स समुद्र, बेअर आयलंडच्या दक्षिणेला. :D अक्षांश-रेखांश उलटले. शिवनेरी साधारण १९.२ उत्तर, ७३.८६ पूर्व. उलट केलं की ७३.८६ उत्तर, १९.२ पूर्व, आणि तिथे पाणीच पाणी. पुणे जिल्ह्यातली खूण चुकली की कायम त्याच समुद्रात पडते, आता मला समुद्र बघूनच कळतं काय झालंय ते.

लीफलेटला थेट आकडे देताना अक्षांश आधी. जिओजेसनमध्ये मात्र रेखांश आधी, २०१६ च्या त्याच्या प्रमाण मसुद्यात तसं स्पष्ट आहे. एक्सेलमध्ये लोक सवयीने अक्षांश पहिल्या रकान्यात लिहितात. यादीच दुरुस्त करा, नकाशाच्या कोडमध्ये उलटापालट करू नका. नाहीतर पुढची बरोबर यादी चढवाल तेव्हा ती समुद्रात जाईल.

आणि मागे झूम केलंत म्हणून आठवलं. ओएसएमच्या नेहमीच्या टाइलवर देशाच्या सीमा प्रत्यक्ष ताबा कोणाचा यावर रंगवलेल्या असतात. काश्मीर आपल्या अधिकृत नकाशासारखं दिसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा ठरतं. तालुक्याच्या नकाशाला देश दाखवायची गरजच काय? कमीत कमी झूम ९ ठेवा, आणि नकाशाची हद्द जुन्नरच्या आसपास बांधून टाका. समुद्रात गेलेली खूण मग दिसणार नाही, पण तशी ती आत्ताही कोणाच्या उपयोगाची नाही.

टाकेशोधक
केलं. झूम ९ ते १७. शेवटचा प्रश्न: गडावर रेंज नसते. या टाइल आधीच उतरवून ठेवल्या तर चालेल का? एक छोटी स्क्रिप्ट लिहून अख्खा तालुका?

नकाशावेडा
चालणार नाही, आणि आत्ताच सुटका झालीय तर पुन्हा बंदी ओढवून घेऊ नका. घाऊक टाइल उतरवायला ओएसएमच्या सर्व्हरवर स्पष्ट मनाई आहे. डेटा मात्र बिनधास्त घ्या. जिओफॅब्रिक या साइटवर ओएसएमच्या डेटाचे भारतातल्या विभागांनुसार तुकडे पाडलेले आहेत, महाराष्ट्र ‘वेस्टर्न झोन’मध्ये येतो. जमत असेल तर त्यातून जुन्नरचा तुकडा कापून ‘पीएमटाइल्स’ स्वरूपाची (सगळ्या टाइल पोटात असलेली) एकच फाइल करा आणि ती तुमच्याच सर्व्हरवर ठेवा, मग रेफररची अटच उरत नाही.

ट्रेकरसाठी त्याहून सोपं, ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही रेंजशिवाय चालणारी नकाशाची अ‍ॅप. नकाशा घरीच उतरवून घ्यायचा. तुम्ही फक्त टाक्यांची जीपीएक्स फाइल (खुणांच्या जागा साठवणारी) साइटवर ठेवा, लोक ती अ‍ॅपमध्ये उघडतील. आणि ती टाकी ओएसएमवरही भरा हो, चावंडवरची सात टाकी तरी नक्की.

टाकेशोधक
जीपीएक्स ठेवतो या आठवड्यात. ओएसएमवर भरायला व्यक्तिगत निरोप करतो, शिकवा.

रत्नांग्रीची काकू
पुतण्याने ती एक ओळ घातली, नकाशा पूर्ण दिसतो आता. पण फोनवर पान खाली सरकवायला गेलं की बोट नकाशावर पडतं आणि नकाशाच सरकत राहतो, खालचे दर वाचताच येत नाहीत.

खटपट्या
काकू, मोबाइलवर नकाशाचं ‘ड्रॅगिंग’ बंद ठेवायला सांगा. एका बोटाने पान सरकेल, दोन बोटांनी झूम तरीही होईल. आणि खाली ‘मोठा नकाशा उघडा’ असा दुवा द्या. ज्याला रस्ता शोधायचाय तो तसाही त्याच्या अ‍ॅपमध्येच जाणार.